आई ८८ व्या वर्षीही खणखणीत, मला ५१ व्या वर्षीच शुगर. वीस वर्षं सिगारेटही ओढतोय. एपिजेनेटिक वयाची (डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून काढलेल्या शरीराच्या वयाची) चाचणी करून घेऊ का?

एकदाच करणार असाल तर पैसे वाचवा. कोल्हापुरात नमुना देऊन आकडा मिळेलही, पण एकट्या आकड्यावरून ना आयुष्य कळतं ना तब्येत.

आईचे निम्मे जीन्स तुमच्यात आहेत, पण जीन असणं वेगळं आणि तो चालू असणं वेगळं. डीएनएतल्या ‘सी’ या अक्षरावर मिथाइल नावाचा चिमुकला रासायनिक गट चिकटतो. जीनच्या सुरुवातीला असे गट दाटले की बहुतेक वेळा तो जीन गप्प बसतो. भुदरगडातलं आपलं पाटगाव मधासाठी ओळखलं जातं. तिथल्या पोळ्यात राणी आणि कामकरी माशी सारख्याच अंड्यांतून येतात. फरक खाण्याचा: राणीच्या अळीला शेवटपर्यंत रॉयल जेली मिळते. राणी काही वर्षं जगते, कामकरी ऐन हंगामात काही आठवड्यांत संपते. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मधमाशीच्या अळ्यांत मिथाइल चिकटवणारं एक एन्झाइम दाबलं, तर बहुतेक अळ्या राणीसारख्या वाढल्या.

माणसात मिथाइलच्या या खुणा वयाबरोबर ठरावीक जागी बदलतात. संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागांवरून वय ओळखून दाखवलं. अशा हिशेबाला ‘घड्याळ’ म्हणतात. पण ते घड्याळ जन्मतारीख ओळखायला शिकवलेलं होतं. पुढे आलेलं ग्रिमएज मृत्यूच्या धोक्यावर बेतलेलं आहे आणि ड्यूनेडिनपेस म्हातारपणाचा वेग मोजतं. १ म्हणजे वर्षाला एक वर्ष. म्हणून रिपोर्टवर कोणतं घड्याळ लिहिलंय ते आधी पाहा. नाव नसेल तर रिपोर्ट बाजूला ठेवा.

चूक कुठे होते? रक्तात अनेक जातींच्या पेशी असतात आणि प्रत्येकीच्या खुणा निराळ्या, त्यामुळे पेशींचं प्रमाण बदललं तरी ‘वय’ हलतं. मोठी शस्त्रक्रिया किंवा तीव्र आजारपणात ते वाढून नंतर उतरतं. शिवाय एकच नमुना दोनदा तपासला तर जुन्या घड्याळांत काही वेळा ९ वर्षांपर्यंत फरक आलेला आहे. दोन वर्षांनी ‘तरुण’ झालात असं कुणी सांगितलं तर हे आठवा. तरीही करायचीच असेल, तर दोन्ही वेळा तीच लॅब, तेच घड्याळ आणि दोन्ही वेळा रक्तच (एकदा रक्त, एकदा लाळ असं नको). ताप किंवा ऑपरेशननंतर काही महिने थांबा.

वीस वर्षं सिगारेट ओढताय असं तुम्ही लिहिलंय, तिथे मात्र खरी पकड आहे. धुरामुळे एएचआरआर या जीनवरचं मिथाइल उतरतं. ही खूण इतकी ठळक असते की रक्तावरून सिगारेट ओळखता येते, आणि सोडल्यावर ती हळूहळू भरत जाते. खाण्याचा परिणाम मोजका आहे. अमेरिकेतल्या कमी कॅलरी खाण्याच्या प्रयोगात उद्दिष्ट २५ टक्के कपातीचं होतं, दोन वर्षांत लोकांना सरासरी १२ टक्केच जमली. त्यात वेगाचं घड्याळ (ड्यूनेडिनपेस) २-३ टक्क्यांनी मंदावलं. ग्रिमएज मात्र ठळकपणे हललं नाही.

त्यामुळे आधी सिगारेट सोडा. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) करा, बीपी घरीच मोजून वहीत लिहा, आणि संध्याकाळी रंकाळ्यावर दम लागेल इतपत भरभर चाला. चाचणीचे पैसे बीपीच्या मशीनला घाला. दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको.