व्यवस्थापन उत्तम, नेतृत्व कमी?

प्रश्न : मी एका उत्पादन कंपनीत विभागप्रमुख आहे. माझ्या विभागाचे काम वेळेत आणि ठरलेल्या खर्चात पूर्ण होते. तरीही वार्षिक मूल्यमापनात ‘व्यवस्थापन उत्तम, नेतृत्व कमी’ असा शेरा मिळाला. या दोहोंत नेमका फरक काय, आणि काम सुरळीत चालू असताना नेतृत्वाची वेगळी गरज ती काय?

उत्तर : हेन्री फेयॉल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ मध्ये नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण अशी व्यवस्थापनाची पाच कामे सांगितली. आपण ती चोख करता, हे आपल्या पत्रावरूनच दिसते. पुढे १९७७ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक अब्राहम झालेझ्निक यांनी व्यवस्थापक आणि नेता ही मुळातच वेगळ्या घडणीची माणसे असतात, असे मांडले. मला ते पटत नाही, कारण एकाच माणसाला सकाळी एक आणि दुपारी दुसरे काम करावे लागते. हार्वर्डचेच जॉन कॉटर यांची १९९० मधील मांडणी अधिक उपयोगी आहे : व्यवस्थापन गुंतागुंत आवरते, तर नेतृत्व बदलाला सामोरे जाते.

आता गरजेचा प्रश्न. छायाचित्रणाची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा तयार केला होता. परंतु कंपनीचा नफा प्रामुख्याने फिल्मवर अवलंबून होता. पुढे डिजिटल कॅमेऱ्यांमुळे फिल्मची विक्री घटत गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरी कायद्याखाली धनकोंपासून संरक्षण मागावे लागले. याच संकटात सापडलेल्या फुजीफिल्म या जपानी कंपनीने मात्र फिल्मच्या रसायनशास्त्रातले आपले कौशल्य सौंदर्यप्रसाधने आणि एलसीडी पडद्यांसाठीच्या पातळ थरांकडे वळवले. फिल्म उत्तम आणि किफायतशीर बनवणे दोघांनाही येत होते. फिल्म विकली जाईनाशी झाल्यावर आपल्या माणसांनी काय करायचे, हा प्रश्न त्या कौशल्याने सुटणारा नव्हता. (हा सारा दोष एकट्या वरिष्ठांचा होता असे नाही, चालता नफा सोडणे कोणालाच सोपे नसते.)

आपल्या विभागापुरते पाहायचे तर, आपल्या बैठकांत ‘किती झाले, किती राहिले’ याखेरीज काही विचारले जाते का, हे तपासावे. हे काम दोन-तीन वर्षांनी याच पद्धतीने लागेल का, आणि लागणार नसेल तर ज्यांना नवे शिकावे लागेल त्यांना ते आधी पटवून कोण देणार, हे प्रश्न आपण स्वतःहून मांडले पाहिजेत. त्यासाठी वक्तृत्व लागत नाही. प्रेरणादायी भाषणांना नेतृत्व समजण्याची चूक सर्रास होते.

शेरा देणाऱ्यांनाही अवश्य विचारावे, की गेल्या वर्षातील कोणत्या प्रसंगी आपल्याकडून वेगळ्या निर्णयाची अपेक्षा होती. त्यांना एकही प्रसंग सांगता आला नाही, किंवा पद्धत बदलण्याचा अधिकारच आपल्याला दिलेला नसेल, तर तो शेरा लेखी हरकत घेण्याजोगा आहे.