वाचकांचे प्रश्न: माँटेरेचं गार पाणी, कयाक आणि गरी

दर वर्षी मे-जूनच्या सुमाराला कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर कयाकमधून गरवण्याबद्दल पत्रं येतात. यंदाच्या पत्रांतले पाच प्रश्न निवडले आहेत.

मी मूळचा मालवणचा, लहानपणापासून समुद्रात पोहतोय. मेअखेरीस माँटेरेला भाड्याच्या कयाकमधून रॉकफिश (खडकाळ तळाशी राहणारे मासे) गरवायचा बेत आहे. हवा विशीत असेल. टी-शर्ट, शॉर्ट्स आणि लाइफ जॅकेट पुरे ना? (फ्रीमाँट)

पुरे नाही. कपडे हवा बघून नव्हे, पाणी बघून घालायचे. मालवणला मे महिन्यात पाणी तीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, माँटेरेला साधारण ११ ते १३. वसंतापासून वायव्येचा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर लोटतो आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. म्हणून ऊन चटके देत असतानाही पाणी थंडच राहतं. सप्टेंबर-ऑक्टोबर त्या मानाने बरे.

इतक्या थंड पाण्यात अचानक पडलं की आधी आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि मग एक ते तीन मिनिटं धाप आवरत नाही. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. त्यानंतर दहा-वीस मिनिटांत बोटं आणि दंड काम देईनासे होतात. अंगातली ऊब धोक्याच्या पातळीखाली जायला त्याहून बराच वेळ लागतो, पण लाइफ जॅकेट नसलेल्यांवर बहुधा तेवढी वेळच येत नाही. म्हणून ते अंगात हवं, सीटमागे बांधलेलं नको.

कपड्यांत सर्वांत चांगला ड्रायसूट. तो स्वतः ऊब देत नाही, फक्त पाणी बाहेर ठेवतो, त्यामुळे आत लोकर किंवा फ्लीस घाला. सुती कपडा घामाने भिजतो आणि गार पडतो. भाड्याने घेताना मानेचं आणि मनगटाचं रबर ताणून भेगा बघा. चेन शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत लावा, बहुतेकांच्या सुटात पाणी तिथूनच शिरतं. मग गुडघ्यांवर बसून मानेचं रबर बोटाने उघडा आणि आतली हवा काढून टाका, नाहीतर पाण्यात पाय वर तरंगतात. ड्रायसूट परवडत नसेल तर ४/३ मिलिमीटरचा (धडावर ४, हातापायांवर ३ मिलिमीटर जाड) अंगाला घट्ट बसणारा वेटसूट, निओप्रीनचे बूट आणि टोपी. सैल वेटसूटमध्ये दर हालचालीला नवं गार पाणी शिरतं, तो घालून न घातल्यासारखाच.

सरावात कयाक मुद्दाम उलटवून बघितली. चढायला गेलो की दर वेळी ती पुन्हा माझ्याच अंगावर उलटते. काय चुकतंय? (सॅन होजे)

तुम्ही पाण्यात उभे राहून वर चढू बघताय. पाय कयाकखाली जातात, सगळं वजन एकाच कडेवर येतं आणि ती फिरते.

उलटल्याबरोबर पहिलं काम कयाक धरण्याचं, दुसरं वल्हं धरण्याचं. रिकामी कयाक वाऱ्यावर माणसाच्या पोहण्याहून वेगाने जाते. पालथ्या कयाकवर झेपावून पलीकडची कड किंवा पट्टा धरा आणि मागे रेलून ती सरळ करा. मग सीटच्या बाजूला या, दोन्ही हात कयाकवर ठेवा आणि पाय मारत राहा, अंग पाण्यावर आडवं होईपर्यंत. अंग आडवं झालं की स्वतःला वर उचलायचं नाही, कयाकच पोटाखाली ओढून घ्यायची. पोट सीटवर आलं की थांबा, श्वास घ्या. मग कुशीवर वळून ढुंगण सीटमध्ये टेकवा आणि पाय शेवटी आत घ्या. गुडघा वर टाकायची घाई केली की पुन्हा पाण्यात.

मागे उभे लावलेले रॉड आणि उंच क्रेट यांच्यामुळेही हाच घोळ होतो. पहिल्या फेऱ्यांत एकच रॉड न्या आणि तो दोरीने बांधा. मात्र दोऱ्या जितक्या जास्त, तितका गुंतण्याचा धोका जास्त, म्हणून छातीशी बोथट टोकाची सुरी हवी. नांगर कधीही बाजूने टाकू नका. लाट आली की दोरी कड खाली खेचते आणि कयाक उलटते. माँटेरेत केल्पचं, म्हणजे तळापासून वर वाढणाऱ्या लांब समुद्री शेवाळाचं, रान दाट आहे. त्याचे तीन-चार देठ एकत्र धरून क्लिप लावली की नांगराची गरजच पडत नाही.

हा सराव छातीइतक्या शांत पाण्यात, ज्या कपड्यांत जाणार त्याच कपड्यांत, लागोपाठ पाच वेळा जमेपर्यंत करा. तोवर एकट्याने बाहेर जाऊ नका. जमल्यावरही निघायचं ते सकाळी आणि परतायचं दुपारचा वारा उठायच्या आत. जलरोधक व्हीएचएफ रेडिओ अंगावर ठेवा, संकटासाठी चॅनेल १६. धुकं काही मिनिटांत उतरतं, त्यामुळे होकायंत्र हवंच.

न्यू जर्सीहून विमानाने येतोय. सामानात काय चालतं? लायसन्सचं काय? सोबत आईबाबाही आहेत. (एडिसन)

चार तुकड्यांचा रॉड, रीळ, जिग (धातूची वजनदार नकली आमिषं) आणि गऱ्या चेक-इन बॅगेत. फिशफाइंडरची (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राची) लिथियम बॅटरी काढून हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून. मर्यादा १०० वॉट-अवर. १२.८ व्होल्ट गुणिले ७ अँपिअर-अवर म्हणजे ८९.६, चालेल. १० अँपिअर-अवरची १२८ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. हवेने फुगणाऱ्या लाइफ जॅकेटच्या गॅस नळकांड्यासाठीही आधी विचारावं लागतं, त्यापेक्षा फोमचं जॅकेट तिथेच भाड्याने घ्या. फ्लेअर (संकटात पेटवायचे इशाऱ्याचे दिवे) विमानात अजिबात नाहीत.

कॅलिफोर्नियात १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लायसन्स लागतं. एक, दोन आणि दहा दिवसांचीही मिळतात. आईबाबांना सार्वजनिक सागरी धक्क्यावरून गरवायचं असेल तर लायसन्सची गरज नाही. त्यांना कयाकमध्ये बसवण्यापेक्षा तेच उत्तम. रॉकफिश आणि लिंगकॉड (तिथलाच एक मोठा मासा) यांच्यासाठी एकच दोरा आणि जास्तीत जास्त दोन गऱ्या. लिंगकॉड दिवसाला दोन, किमान २२ इंच. हंगाम, खोली आणि मासळीची संख्या विभागागणिक व मध्येच बदलते, म्हणून आदल्या रात्री राज्याच्या मासे व वन्यजीव विभागाचं पान बघा. लव्हर्स पॉइंट आणि पॉइंट लोबोस इथल्या राखीव क्षेत्रांत गरी टाकायचीच नाही.

लहान रॉकफिश सोडून दिले तर पोट वर करून तरंगत राहिले, डोळे बाहेर आलेले. मेले का? (सनीवेल)

बहुतेक तेव्हा जिवंत होते, पण तसेच राहिले तर मरतात. खोलवरून वर आणताना दाब कमी होतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे आणि जठर बाहेर ढकलले जातात. तोंडातून बाहेर आलेला फुगा सुईने फोडू नका, ती हवेची पिशवी नव्हे, जठर असतं. जुनी बिनकाट्याची मोठी गरी उलटी बांधा, खाली अर्धा-पाऊण किलो शिसं, खालच्या ओठातून अडकवून मासा पकडला त्या खोलीच्या जवळपास नेऊन झटका द्या. दाब वाढला की सूज उतरते आणि तो पोहत जातो. हे दोन मिनिटांच्या आत व्हायला हवं, म्हणून ती दोरी आधीपासून तयार ठेवा. पिवळ्या डोळ्यांचा यलोआय ठेवायला बंदी आहे. तो शंभर वर्षांहून जास्त जगू शकतो, आणि नेमका खोलातला असल्याने त्यालाच याची सर्वांत जास्त गरज असते.

लिंगकॉड कापला तर मांस निळं-हिरवं निघालं! सासूबाई म्हणाल्या, फेकून दे. (सांता क्लारा)

फेकू नका. काही लिंगकॉडचं मांस असं निघतंच, शिजलं की पांढरं होतं. मांस घट्ट असल्याने कालवणात लवकर फुटत नाही, कोकम घालून निवांत करा. कापताना बारीक जंत दिसले तर काढा आणि तुकडा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअसवर शिजू द्या. कच्चं किंवा अर्धकच्चं खायचं असेल तर आधी उणे २० अंश सेल्सिअसवर सात दिवस गोठवा. सोबत रॉकफिश असेल तर साफ करताना पाठीचे काटे आधी कात्रीने उडवा. त्यांत सौम्य विष असतं, बोट तासभर ठणकतं. टोचलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवा.