नव्याने स्वयंपाक शिकताना आधी काय शिकावं?

नोकरीसाठी पहिल्यांदाच घर सोडताय आणि ‘आधी पोळ्या शिकू की भाजी’ असं विचारलंय तुम्ही. पोळ्या आधी अजिबात शिकू नका.

मी बारावीत असताना आईचं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. मदतीला आत्या आली आणि तिनं ठरवलं की पोराला शिकवायचं तर पोळीपासूनच. ‘कणीक जमली की सगळं जमतं,’ हे तिचं ठाम म्हणणं. चार दिवस माझी कणीक कधी सैल, कधी दगड. भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची असते, हेही कोणी सांगितलं नाही. वडील त्या कडक पोळ्या काही न बोलता दुधात कुस्करून खायचे. ते बघून मला रडू यायचं.

आत्या गावी परतली त्या संध्याकाळी आईनं बाहेरच्या खोलीतल्या पलंगावरून मला पिठलं शिकवलं. स्वयंपाकघरात ती आलीच नाही. मी मोहरी टाकली की बाहेरून आवाज यायचा, ‘थांब, अजून तडतडतेय.’ आवाज कमी झाला की जिरं, हिंग, लसूण, मिरची. ‘आता गॅस बारीक कर, मग हळद.’ पहिल्यांदा हळद जळली. मला कळायच्या आत तिला बाहेर वास गेला. ‘ओतून टाक, नवी फोडणी कर.’ तेल मोजून वापरायचे ते दिवस, तरी तिनं ओतायला लावलं. बेसन गार पाण्यात आधीच कालवून घेतलं होतं, त्यामुळे गुठळी झाली नाही. त्या रात्री वडिलांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

फोडणी कानानं आणि नाकानं शिकायची असते. ती एकदा आली की वरण, कांदेपोहे, बटाट्याच्या काचऱ्या, मुगाची उसळ, कढी हे सगळं पंधरा दिवसांत हाताखालून जातं. पोह्यांसाठी जाडे पोहे घ्या आणि भिजत घालू नका. चाळणीत धुऊन दहा मिनिटं ठेवले की पुरतं.

दुसरं म्हणजे कुकर. तळाशी दोन पेले पाणी, खालच्या डब्यात तूरडाळ, वर तांदूळ. डाळीला अडीच पट पाणी, चिमूटभर हळद आणि हिंग, तांदळाला दुप्पट. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. आत पाणी १२० अंशांच्या आसपास तापलेलं असतं, घाईनं झाकण ओढायचं नाही. वरण-भात आणि पिठलं एवढ्यावर माणूस महिनाभर नीट जेवतो. पोळ्या तोवर कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणा, त्यात कमीपणा नाही.

हां, रोज शेजारी उभं राहून न रागावता शिकवणारं कोणी असेल तर पोळीपासून सुरुवात केली तरी चालेल. आणि भात सोसत नसेल तर भाकरी-पोळी लवकर शिकावीच लागेल, तेही खरं.

आत्या अजूनही लग्नकार्यात भेटली की चारचौघांत विचारते, ‘काय रे, पोळी येते का आता?’ येते, आत्या. गोल येते, फुगतेसुद्धा. दोन वर्षांनी पुण्यात खोलीवर शिकलो, शेजारच्या शेगडीवर पिठलं तयार असताना.