मार्जिनचे पैसे : पहिलं घर घेणाऱ्या मुलीस पत्र

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. पुण्यात फ्लॅट पसंत पडल्याचं वाचून आनंद झाला आणि पुढचं वाचून राग आला. बँकेतला माणूस तोंडी सांगतो, "वडिलांना सहअर्जदार करा, मग बघू." एजंट म्हणतो, "डाउन पेमेंटला कमी पडतायत ना, पर्सनल लोन करून देतो." माझी उमेदीची वर्षं कर्ज विभागात गेली, त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मला नवीन नाहीत. दोन्हींबद्दल लिहिते, पण आधी नियम नीट समजून घे. नियम अर्धवट माहीत असलेल्या माणसाला गुंडाळणं फार सोपं जातं.

घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज देता येईल, याला रिझर्व्ह बँकेने २०१० च्या अखेरीस मर्यादा घातली. तेव्हा २० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के आणि त्यापुढे ८० टक्के असं होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते बदललं. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. तू विचारलंस की ९० टक्के मिळतं असं सगळीकडे लिहिलेलं असताना मला ८० का सांगतात. कारण ९० ही कमाल मर्यादा आहे, तेवढं द्यायलाच हवं असं बंधन बँकेवर नाही. ८० टक्क्यांच्या वर गेलेल्या कर्जासाठी बँकेला स्वतःचं भांडवलही जास्त बाजूला ठेवावं लागतं, म्हणून शाखेतल्या लोकांचा कल ८० वर थांबण्याकडे असतो. तू मागितलंस आणि तुझी कागदपत्रं भक्कम असली, तर त्यावर जाता येतं. मागितल्याशिवाय मात्र सहसा कोणी देत नाही.

आता एक गंमतशीर वाटेल पण खिशाला चांगलीच लागणारी गोष्ट. तू ३३ लाखांचा आणि ३६ लाखांचा असे दोन फ्लॅट बघितलेस. तीन लाखांचाच फरक, हप्ता थोडा वाढेल, असं तू धरून चालली आहेस. तसं होत नाही. ३३ लाखांच्या फ्लॅटला ९० टक्क्यांनी २९ लाख ७० हजार मिळू शकतात, तुझे घालायचे, म्हणजे मार्जिन, ३ लाख ३० हजार. ३६ लाखांच्या फ्लॅटला मात्र कर्ज ३० लाखांवर अडकतं. त्यावर एक रुपया जरी मागितलास तरी ८० टक्क्यांचा नियम लागू होतो आणि ३६ लाखांचे ८० टक्के म्हणजे २८ लाख ८० हजारच होतात. म्हणून कर्ज ३० लाखच घ्यायचं आणि तुझे घालायचे ६ लाख. घराची किंमत साधारण ३३ लाख ३३ हजारांपासून साडेसदतीस लाखांपर्यंत कितीही असो, कर्ज ३० लाखांच्या पुढे सरकत नाही, वरचा प्रत्येक रुपया तुझ्या खिशातून जातो. ही किमतीची पट्टी फारसं कोणी समजावून सांगत नाही, आणि पहिल्यांदा घर घेणारी कितीतरी माणसं नेमकी तिथेच अडकतात.

शिवाय स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी. २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की कर्जाचं प्रमाण ठरवताना हे खर्च घराच्या किमतीत धरायचे नाहीत. पुढे २०१५ मध्ये फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना त्यातून सवलत मिळाली. पुणे शहरात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के आहे, खरेदीदार फक्त स्त्री असेल तर ६. तुझ्या ३६ लाखांच्या फ्लॅटला ६ टक्क्यांनी २ लाख १६ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. मार्जिन धरून झाले ८ लाख ४६ हजार. ३३ लाखांच्या फ्लॅटला हाच आकडा ५ लाख ५८ हजार येतो. बांधकाम चालू असेल तर जीएसटी वेगळा. तुझ्याकडे साडेसहा लाख साठलेत असं तू लिहिलं आहेस. तेव्हा कोणता फ्लॅट बघायचा हे मी सांगायला नको.

तू विचारलंस, हा नियम गरिबावर अन्याय करणारा नाही का? मी यावर पुष्कळ विचार केलाय. मर्यादा असावी, असंच माझं मत आहे. घरात स्वतःचे काहीच पैसे नसलेल्या माणसावर वाईट दिवस आले तर घर विकूनही कर्ज फिटत नाही, आणि ते ओझं बँकेपेक्षा त्या घरातल्या माणसांवर पडतं. पण नियम सगळ्यांना सारखा असला म्हणून सगळे सारख्या जागी उभे नसतात. एकाच्या मागे वडिलांची एफडी असते, दुसरी नोकरी लागल्यापासून घरी पैसे पाठवत असते. दोघांचा पगार सारखा असला तरी मार्जिन साठवायला दुसरीला कितीतरी वर्षं जास्त लागतात आणि तोवर किमती पुढे गेलेल्या असतात. याला शंभर टक्के कर्ज हे उत्तर नाही. सरकारने अशा लोकांसाठी मार्जिनचा वाटा थेट उचलावा, असं मला मनापासून वाटतं.

जो अन्याय बँकेच्या टेबलावर होतो तो मात्र टाळता येतो, आणि तिथे मी कोणालाही माफ करायला तयार नाही. डबे पुरवणाऱ्या एका बाईंची फाइल आठवते. पासबुकात दर महिन्याच्या ५ ते १० तारखेदरम्यान हजार-दोन हजारांच्या जमा, अनेक नावांनी, वर्षानुवर्षं न चुकता. कुठल्याही पगाराइतकं नियमित उत्पन्न. फाइलवर शेरा होता, "उत्पन्नाचा स्रोत अनिश्चित." पासबुक कोणी उलटून पाहिलंच नव्हतं. तसंच "निगेटिव्ह एरिया" हा शब्द. अमुक वस्तीतल्या माणसाचा अर्ज वाचायच्या आधीच बाजूला पडतो, आणि त्या वस्तीत कोण राहतं हे सगळ्यांना माहीत असतं. कर्ज देताना लिंग, जात आणि धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने कर्जदारांशी कसं वागावं याच्या २००३ च्या संहितेतच लिहून ठेवलंय. लेखी भेदभाव कोणी करत नाही, तो असा शेऱ्यांमधून होतो.

म्हणून तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नकोस. अर्ज रीतसर दाखल कर, पोच घे. नाकारला तर मुख्य कारणं लेखी मिळायला हवीत, हाही त्या संहितेचाच भाग आहे आणि २००७ पासून तो सगळ्या कर्जांना लागू आहे. कारण लेखी मागितलं की शाखेतला सूर बदलतो, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. तिथे "मला कर्ज का दिलं नाही" असं लिहू नकोस, कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो. "लेखी कारण दिलं नाही" असं लिही.

वडिलांचं काय? उत्पन्न खरोखरच कमी पडत असेल तर सहअर्जदार घेणं गैर नाही. पण तू कमावती आहेस, तीन वर्षांचे आयटीआर, म्हणजे आयकर विवरणपत्रं, भरलेस, कंपन्यांनी तुझ्या पैशांतून कापलेला कर, म्हणजे टीडीएस, आयकर खात्याच्या २६एएस या विवरणात दिसतो. मग "तुमच्या उत्पन्नावर किती कर्ज बसतं ते आधी सांगा" असं विचार. एकटी मुलगी आहे म्हणून पुरुषाची सही हवी, ही मागणी मान्य करू नकोस. वडील आलेच तरी त्यांना फक्त कर्जात घे, करारनाम्यात नको. सहमालकाला कर्जात घ्यावंच लागतं, पण कर्जातल्या माणसाला मालक करायची गरज बहुतेक बँकांना नसते. करारात त्यांचं नाव आलं की स्टॅम्प ड्युटीतली एक टक्क्याची सवलत गेली.

पर्सनल लोनला सरळ नाही म्हण. त्याचा व्याजदर जास्त, मुदत कमी, आणि त्याचा हप्ता तुझ्या नावावर दिसला की गृहकर्जाची पात्रता तेवढीच खाली येते. करारात किंमत फुगवून दाखवू आणि जादा कर्ज काढू, असंही कोणी सुचवेल. ती बँकेची फसवणूक आहे, आणि सही तुझी असते. बिल्डरला नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नकोस, रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे.

बँकेने नाहीच दिलं तर लोक हाउसिंग फायनान्स कंपनीकडे जातात. तिथे जायला हरकत नाही, पण एक फरक ध्यानात ठेव. बँकांचं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं, नवं कर्ज ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराला बांधलेलं आहे. या कंपन्यांवर ते बंधन नाही, त्यांचा मूळ दर त्या स्वतः ठरवतात. रेपो खाली आला तरी जुन्या ग्राहकाचा दर तसाच राहू शकतो. तेव्हा दर वर्षी चौकशी कर आणि फरक मोठा असेल तर कर्ज दुसरीकडे हलव. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही.

मंजुरीपत्रासोबत केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट) नावाचा, कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता मिळेल, ऑक्टोबर २०२४ पासून तो द्यावाच लागतो. त्यात व्याजदराच्या खाली वार्षिक टक्केवारीचा, म्हणजे एपीआरचा वेगळा आकडा असतो. प्रोसेसिंग फी आणि बँकेने लावलेले इतर आकार त्यात धरलेले असतात. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावर कर. विमा कर्जात घुसवलाय का तेही तिथेच दिसेल.

सोमवारी ३३ लाखांच्या फ्लॅटचा रेरा क्रमांक आणि तुझे तिन्ही आयटीआर मला पाठव. अर्जासोबत जोडायचं उत्पन्नाचं पत्र आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
मावशी