दंडावर तीन फिती आल्या, पण ज्युनिअर ऐकत नाहीत

प्रश्न : मी नववीत आहे. आठवीत एनसीसी घेतलं आणि यंदा सरांनी मला सार्जंट केलं. आठवीच्या नव्या कॅडेट्सचं ड्रिल घ्यायचं काम माझ्याकडे आहे. पण मी ओरडले की ज्युनिअर्स हसतात आणि माझ्याच बॅचच्या मैत्रिणी ‘मोठी शहाणी’ म्हणतात. बाबा म्हणतात, रँक सोड आणि अभ्यास कर. मला सैन्यात अधिकारी व्हायचंय. या रँकचा उपयोग होईल का?

उत्तर : प्रिय कॅडेट,

रँक सोडू नकोस, पण तिच्याकडून भलती आशाही धरू नकोस. शाळेत दोन वर्षांनी मिळणाऱ्या ‘ए’ सर्टिफिकेटवर कुणी अधिकारी होत नाही. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा तुलाही इतरांसारखीच द्यावी लागेल, म्हणून अभ्यासाबद्दलची बाबांची काळजी रास्त आहे. कॉलेजात एनसीसी चालू ठेवून ‘सी’ सर्टिफिकेट किमान ‘बी’ ग्रेडने मिळवलंस, तर पदवीनंतर एनसीसी स्पेशल एंट्रीचा, म्हणजे एनसीसी कॅडेट्ससाठीच्या वेगळ्या अधिकारी-भरतीचा, मार्ग खुला होतो. तिथे लेखी परीक्षा नसते, पण एसएसबीची, म्हणजे सैन्याचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत कुणालाच चुकत नाही.

तुझ्या आजच्या अडचणीचा संबंध तिथेच येतो. एसएसबीत ‘कमांड टास्क’ असतो. तू कमांडर होतेस, गटातले दोन साथीदार निवडतेस आणि फळी, दोर घेऊन अडथळा पार करायचा असतो. ते दोघं तुझं ऐकतील का, हे तुझ्या आवाजावर ठरत नाही. माणसांना बरोबर घेऊन चालण्याची सवय चार दिवसांच्या क्लासमध्ये लागत नाही, शाळेच्या मैदानावर लागते.

मी कॅडेट होते तेव्हा आमच्या स्क्वाडमध्ये एक मुलगी होती. ‘तेज चल’ हा चालू लागण्याचा हुकूम दिला की तिचा उजवा हात उजव्या पायाबरोबरच पुढे जायचा. मी ओरडायचे, ती आणखी ताठ व्हायची आणि हात पुन्हा तसाच! एका सीनिअर ताईने तिला बाजूला नेलं, गप्पा मारत मैदानाला एक फेरी मारली. चालताना हात आपोआप बरोबर हलत होते. मग ताईने हळूच ‘एक, दो, एक’ मोजायला सुरुवात केली. दहा मिनिटांत काम झालं. ड्रिल शिकवणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

तूही पुढच्या परेडला एवढंच कर. सगळ्यात चुकणारी एकच कॅडेट निवड, परेड सुटल्यावर तिला दहा मिनिटं दे. चारचौघांत तिची चूक दाखवू नकोस. कुणी हसलं तर तिथल्या तिथे चिडू नकोस, नंतर एकटीला गाठून विचार. बहुतेकदा त्यामागे लाज असते.

मैत्रिणींचं दुखणं वेगळं आहे. कालपर्यंत तुम्ही एका रांगेत होतात, त्यांना वाईट वाटणारच. परेडवर सार्जंट राहा, परेड सुटली की मैत्रीण. शिवाय काम वाटून दे : जिचा गणवेश नीटनेटका असतो, तिने नव्यांना बेल्ट-बूट चमकवायला शिकवावं. मात्र उशिरा आल्याबद्दल ज्युनिअरला जी शिक्षा, तीच मैत्रिणीला. यात सूट दिलीस तर स्क्वाड हातातून गेलाच समज.

बाबांना वेळापत्रक लिहून दाखव : परेडचे दिवस, शिबिराच्या तारखा आणि अभ्यासाचे तास. चाचणीत मार्क घसरले तर ड्रिलचा जादा वेळ कमी करेन, हे आपणहून सांग.

आणि ‘ए’च्या परीक्षेआधी एक दिवस सरांची परवानगी घेऊन स्क्वाडच्या कमांड एखाद्या आठवीच्या मुलीला देऊ दे. तू मागच्या रांगेत उभी राहा आणि ती म्हणेल तेव्हा सावधान हो.