वाचकांचे प्रश्न : आजीची ड्युटी कागदावर

प्रश्न : माझी आजी तीसेक वर्षे सरकारी इस्पितळात नर्स होती, बराच काळ पणजीला, घर बार्देशात. पुढच्या महिन्यात तिचे वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी वाचून दाखवायला आणि छोट्या पुस्तिकेत छापायला लिहायला बसले, पण सगळे ‘सेवाभावी, प्रेमळ, कष्टाळू’ असेच होते. काय करू? – नात, बार्देश

उत्तर : ही विशेषणे खोटी नाहीत, पण ती कुठल्याही आजीला लागू पडतात. नर्सचे घर पाळ्यांवर चालते, तेव्हा लेखही पाळ्यांपासून धरा.

आधी कागद काढा : सर्व्हिस बुकची प्रत, नर्सिंग कौन्सिलचे नोंदणीपत्र, पेन्शनचा आदेश. सर्व्हिस बुकात रुजू झाल्याची तारीख, बदल्या, बढत्या आणि बाळंतपणाच्या रजा सापडतात. रजेच्या तारखांशेजारी मुलांच्या जन्मतारखा मांडा. तान्हे मूल घरी ठेवून ती कुठल्या तारखेला कामावर परतली, हे आपोआप दिसेल.

नावाचा घोळ हमखास होतो. नोंदणीपत्रावर माहेरचे नाव, पेन्शनवर सासरचे. दोन्ही छापा, नाहीतर तिच्या बॅचच्या मैत्रिणींना ओळख पटणार नाही. जन्म १९६१पूर्वीचा असेल तर नोंद पोर्तुगीजमध्ये असू शकते. त्या भाषेत जून आणि जुलै या शब्दांत एकाच अक्षराचा फरक, त्यात हातचे अक्षर. वाचता येणाऱ्याकडून खात्री करून घ्या.

मग माणसे. ‘आजी कशी होती?’ असे विचारलेत तर ‘खूप चांगली’ एवढेच उत्तर मिळेल. विचारा : रात्रपाळीहून ती परतेपर्यंत मुलांचा चहा कोण करायचे? चवथीला ड्युटी लागली तेव्हा गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी कोणी बांधली? घरी आल्यावर ती आधी न्हाणीत जायची की मुलांकडे? ५ जुलै १९८६ला पणजी आणि बार्देश जोडणारा मांडवीचा पूल कोसळला. त्यानंतर सकाळची पाळी गाठायला बेतीच्या फेरीबोटीसाठी ती किती वाजता घर सोडायची? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक घरांत दोघातिघांची वेगवेगळी उत्तरे येतात. भांडण मिटवत बसू नका, दोन्ही उत्तरे लिहा.

नातवंडांना माहीत नसलेल्या गोष्टी एकेका वाक्यात उलगडा. जुने मेडिकल कॉलेज म्हणजे पणजीत आज इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो तो परिसर. सिरिंजा काचेच्या असत. वापरून झाल्या की धुऊन, सुटे भाग करून उकळायच्या आणि पुन्हा वापरायच्या. मात्र १८४२च्या वैद्यकीय शाळेपासून इतिहास सांगत बसू नका, लेख आजीचा आहे.

रुग्णांची नावे आणि आजार एकत्र लिहू नका. गाव लहान, ओळख लगेच पटते. ‘बाळंतिणींचा वॉर्ड’ एवढे पुरे.

वाचायला पाच मिनिटे म्हणजे साधारण ५५० शब्द. त्याहून लांबले तर जेवणाच्या पंगतीकडे लक्ष जाते. पुस्तिकेसाठी ए-फोरचे दोन कागद मधोमध दुमडले की आठ पाने होतात. पानांची संख्या चारच्या पटीतच ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पाने उरतात. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की जोडाक्षरे फुटतात. ‘दुसऱ्या’, ‘वॉर्डातल्या’, ‘शस्त्रक्रिया’ हे शब्द कागदावरच्या प्रुफात तपासा, स्क्रीनवर नको.

प्रश्न : फ्रेममधला फोटो काचेला चिकटला आहे. – म्हापसा

उत्तर : ओढू नका, वरचा थर काचेवर राहील. काचेसकट स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. काच आधी बाहेरून कोरड्या कपड्याने पुसा. पावसाळा संपेपर्यंत फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल तिथूनच येते.

प्रश्न : आईची ड्युटीची पांढरी साडी आणि टोपी जपायची आहे. – फोंडा

उत्तर : आधी खळ काढा. खळीमुळेच कसर लागते आणि घड्यांवर कापड चिरते. साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, दोनतीनदा पाणी बदला, निळीचा वापर टाळा. सावलीत पूर्ण वाळवून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा; प्लास्टिकच्या पिशवीत आपल्याकडच्या दमट हवेत पिवळे डाग पडतात. बिल्ला आणि पिना आधी काढून वेगळ्या ठेवा, गंजाचा डाग जात नाही. घडी दर चार-सहा महिन्यांनी मोडून दुसऱ्या जागी घाला.