तालीम आणि मैदान

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात मी तिसऱ्या रांगेत होतो. सतारीवर यमनच्या विलंबित गतीत, म्हणजे संथ लयीतल्या बंदिशीत, एका तानेला तुझा हात अडखळला. तू थांबलास, तबलजींकडं पाहिलंस, 'सॉरी' म्हणालास आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. लोकांनी मायेनं टाळ्या वाजवल्या, पण तुझी मान शेवटपर्यंत वर आली नाही. चहाच्या वेळी तू विचारलंस, "काका, रोज तीन तास बसतो, तरी असं का झालं?" त्या गर्दीत उत्तर देणं बरं वाटलं नाही, म्हणून हे पत्र. मी तुझ्या सरांचा गुरुबंधू. सर सांगतात ते आधी, माझं त्यानंतर.

तू तीन तास बसतोस याबद्दल मला शंका नाही. मागं तुमच्याकडं आलो होतो तेव्हा जिन्यातच थांबून तुझा रियाज ऐकला होता. गत सुरू केलीस, तान अडली, परत गतीपासून. पुन्हा तिथंच अडली, परत गतीपासून. जे येत होतं ते वीसदा वाजलं, आणि जे येत नव्हतं ते वीसदा मोडलं. त्या जागी थांबायचं असतं, एवढंच हाताला पाठ झालं. मंचावर हातानं पाठ केलेलंच म्हणून दाखवलं.

आपल्या कोल्हापुरात तालीम हा शब्द पैलवानाचाही आहे आणि गाण्या-वाजवण्याचाही. शाहू महाराजांच्या काळात 1912 साली खासबागचं कुस्तीचं मैदान झालं आणि 1915 साली त्याच्या शेजारीच पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. असो. तालमीत वस्ताद डाव मध्येच थांबवतात, पाय कुठं चुकला ते दाखवतात आणि तेवढाच डाव पुन्हा घ्यायला लावतात. मैदानात कुणी थांबवत नाही. डाव फसला तर पैलवान त्याच झटक्यात दुसरी पकड शोधतो. तुझं नेमकं उलटं झालंय. घरी तू सबंध कुस्ती खेळत बसतोस आणि दुरुस्ती करायला मंचावर थांबतोस.

तेव्हा आधी तालीम. तुझी तान अडते ती वरच्या सप्तकात जाताना. हात दांडीवरून भोपळ्याकडं सरकतो, तिथं धैवतावरून निषादावर जाताना तुझं बोट तारेवरून उचललं जातं. तार न सोडता ते सरकायला हवं. सबंध तान विसर. धैवत आणि निषाद, दोनच पडदे घे. मोबाइलवरच्या तबल्याची लय मिनिटाला 60 मात्रा ठेव आणि मात्रेला एक सूर वाजव. सरकताना तारेचा आवाज तुटला नाही पाहिजे, एवढंच ऐक. मग मागचा एक सूर जोड, मग पुढचा एक. लागोपाठ तीनदा स्वच्छ आलं तर लय चार-पाचनं वाढव, बिघडलं तर पुन्हा खाली ये. यात अर्धा तास गेला आणि हाती चारच सूर लागले तर तो दिवस चांगला गेला असं समज. मग ती तान समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, उचलून समेवर आण. गतीत बसवायची ती सगळ्यात शेवटी.

सलग तीन तास मात्र बसू नकोस. चाळीस मिनिटं झाली की सतार खाली ठेव, उठून फिरून ये. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतात, चुरचुरतं, त्याची काळजी नको. उजव्या मनगटात किंवा कोपरात कळ आली तर त्या क्षणी थांब. तुझ्या वयाचा असताना एका स्पर्धेसाठी मी दुखतं मनगट बांधून पंधरा दिवस 'झाला', म्हणजे शेवटचा जलद भाग, वाजवत राहिलो. मनगट असं सुजलं की पुढचे तीन महिने नखी बोटात घालता आली नाही. स्पर्धाही हुकली. तेव्हा मला कुणी थांबवलं नाही, म्हणून तुला सांगतोय.

आता मैदान. कार्यक्रमाला पंधरा दिवस राहिले की दिवसातून एकदा सगळं सलग वाजवायचं. झब्बा घालून, तानपुरा लावून, आईला, शेजाऱ्यांना समोर बसवून. काहीही झालं तरी थांबायचं नाही. चुकलेली जागा मनात धरून ठेव आणि दुसऱ्या दिवशी तालमीत काढ. हे सलग वाजवणं रेकॉर्ड कर, पण त्याच रात्री ऐकू नकोस. तेव्हा फक्त स्वतःचा राग येतो. सकाळी ऐकलंस की चूक कुठं आहे ते दिसतं.

मंचावर तान तुटलीच, तर हात चिकारीवर, म्हणजे कडेच्या लयीच्या तारांवर, ठेव आणि लय सोडू नकोस. मग तबल्याकडं कान लाव. तीनतालात नवव्या मात्रेपासून 'धा तिं तिं ता' येतं, त्यात डग्ग्याचा घुमार नाहीसा होतो. त्यातला 'ता' ही बारावी मात्रा, आणि मसीतखानी गतीचा, म्हणजे तुझ्या या विलंबित गतीचा, मुखडा (समेवर आणणारा सुरुवातीचा तुकडा) तिथूनच उठतो. 'दिर दा दिर दा रा' आणि पुढं सम. म्हणजे तू कितीही भरकटलास तरी दर आवर्तनात तबला तुला परत येण्याची जागा दाखवत असतो. तू मुखड्यावर अचूक आलास की तबलजी खूश होऊन समेवर जोरात धा देतील आणि पुढच्या रांगेतला जाणकारसुद्धा मान हलवेल. मला तर अशी समेवर परतलेली तान न चुकलेल्या तानेपेक्षा जास्त आवडते.

सतारीविषयी थोडं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तारा गंजतात, वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं पुसत जा. नवी तार कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चढवू नकोस, ती ताणली जाऊन उतरत राहते. चार दिवस आधी चढव. सभागृहात तासभर आधी जा, खोळ काढून सतार तिथल्या हवेत राहू दे, मग तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या गुंजणाऱ्या तारा, सुरात लाव. त्या दिवशी तू धावतपळत आलास आणि तरफा घरच्या हवेतच लावलेल्या होत्या. आलापातच तुझं अर्धं लक्ष त्यांच्याकडं होतं. शिवाय तुझी जवारी, म्हणजे घोडीचा तारा टेकतात तो माथा, बसली आहे, बाजाच्या (मुख्य) तारेचा आवाज बोथट येतोय. घोडीवर घरी कानस फिरवू नकोस. पुढच्या महिन्यात मला मिरजेला सतारमेकरांकडं जायचंच आहे, सकाळच्या गाडीनं दोघंही जाऊ.

त्याआधी येत्या रविवारी सकाळी सतार घेऊन घरी ये. तबल्याला माझे एक मित्र येणार आहेत. तू गत सुरू करायची, मी मध्येच टाळी वाजवली की हातातली तान जिथं असेल तिथं सोडून द्यायची आणि तबला ऐकून मुखडा पकडायचा. पंचवीस-तीस वेळा तरी करू. मित्रांना सांगून ठेवलंय, तू पहिल्या पाच-सहा वेळा चुकलास तरी ठेका थांबवायचा नाही.

तुझा,
काका